किती सिटिंग लागतील?

दुखणं समजून घेताना : लेखांक नववा

कंबर, गुडघा किंवा मान सहा-आठ महिने दुखत राहिली, गोळ्यांनी पोट बिघडायला लागलं, की ओळखीतलं कोणीतरी सुचवतंच, ‘एकदा सुया टोचून बघा ना.’ मग शोध सुरू होतो. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींकडे चौकशी होते, औषधाच्या दुकानात विचारलं जातं, एरवी नजरेआड होणाऱ्या पाट्या वाचल्या जातात. आणि विचारायचं म्हणजे बहुतेक जण एकच विचारतात, ‘त्यांच्या हाताला गुण आहे का?’

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की जुनाट दुखण्यात इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था धोक्याचा इशारा देत राहते. अशा दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा विचार करणं रास्त आहे. पण ॲक्युपंक्चरिस्ट निवडायला हाताचा गुण ही कसोटी पुरत नाही. का, ते कळण्यासाठी या उपचाराबद्दल संशोधनातून काय हाती लागलं आहे ते आधी पाहू.

जर्मनीत या शतकाच्या सुरुवातीला कंबरदुखीवर एक मोठी चाचणी झाली. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला चिनी परंपरेतल्या ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला त्या बिंदूंपासून दूर, भलत्याच जागी आणि अगदी वरवर टोचल्या. तिसऱ्या गटाला औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांना चांगला फरक पडला होता. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुया बऱ्याच सरस ठरल्या. पण नेमक्या बिंदूवरची सुई आणि भलत्या जागची सुई यांच्यात फारसं अंतर उरलं नाही.

पुढे अशा अनेक चाचण्यांतल्या एकेका रुग्णाची माहिती एकत्र करून मोठा आढावा घेतला गेला. २०१८ च्या त्याच्या आवृत्तीत ३९ चाचण्या आणि २०,८२७ रुग्ण होते. कंबर-मानदुखी, गुडघ्याची झीज, जुनाट डोकेदुखी आणि खांदेदुखी ही त्यातली दुखणी. खरी सुई खोट्या सुईपेक्षा, म्हणजे भलत्या जागी किंवा नुसती टोचल्यासारखी केलेल्या सुईपेक्षा, सरस ठरली, पण थोडीच. काहीच न टोचण्यापेक्षा मात्र ती स्पष्टपणे सरस होती आणि वर्षभरानंतरही हा फायदा बराचसा टिकून होता.

याचे दोन अर्थ लावले जातात. काही तज्ज्ञ म्हणतात, हा सगळा मनाचा खेळ आहे. काही म्हणतात, त्वचेखाली सुई गेली की कुठेही गेली तरी शरीर प्रतिसाद देतं: मेंदूत वेदनाशामक एंडॉर्फिन स्रवतात, सुईच्या आसपास वेदना शमवणारं ॲडेनोसिन हे द्रव्य वाढतं. ॲडेनोसिनचा हा परिणाम २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसला होता. वाद अजून मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं, २०१६ मध्ये ती शिफारस मागे घेतली आणि २०२१ मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करावा असं सांगितलं. एकाच संस्थेने बारा वर्षांत तीन वेगवेगळ्या भूमिका घेतल्या. पुरावा किती काठावरचा आहे ते यातून दिसतं.

दुखणाऱ्या माणसाला मात्र यातून एक कामाची गोष्ट मिळते. नेमक्या बिंदूचं गुपित फक्त अमुक एका डॉक्टरांनाच माहीत आहे, या समजुतीला आधार नाही. मग त्यांच्यासाठी डोंबिवलीहून दादरला, लोकलच्या गर्दीत कंबर आवळत आठवड्यातून दोनदा जाण्यात काय हशील? उपचार दहा-बारा सिटिंगचा असतो. जाण्यायेण्याने दुखणं वाढत असेल तर सुईने दिलेलं रस्त्यातच संपतं. जवळचा, नोंदणी असलेला, स्वच्छ आणि सरळ बोलणारा ॲक्युपंक्चरिस्ट हा लांबच्या नावाजलेल्यापेक्षा चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदणीचं म्हणाल, तर याबाबतीत आपण महाराष्ट्रातले लोक भाग्यवान आहोत. देशात बहुतेक ठिकाणी ॲक्युपंक्चर बराच काळ ना धड मान्य, ना अमान्य अशा अवस्थेत होतं. केंद्राच्या आरोग्य खात्याने २००३ मध्ये त्याला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून. महाराष्ट्राने त्याआधीच ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५’ हा कायदा केला होता. त्यानुसार राज्यात ॲक्युपंक्चरची परिषद आहे आणि ती व्यावसायिकांची नोंदणी करते. दवाखान्यात भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर मागायला संकोच नको. ही पद्धत आयुषमध्ये मोडत नाही, त्यामुळे ‘आयुषची मान्यता आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. एखादे एमबीबीएस किंवा बीएएमएस डॉक्टर सुया टोचत असतील तर त्यांनी ॲक्युपंक्चरचं शिक्षण कुठे आणि किती काळ घेतलं, हेही विचारावं. फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ करतात. तिथे सुई तशीच असते, पण ती ताठरलेल्या स्नायूच्या गाठीत टोचतात आणि त्यामागचा विचार वेगळा असतो. आणि प्रदर्शनात लाकडी काटेरी रोलर विकणारा ॲक्युप्रेशरवाला हा तर पूर्णच निराळा माणूस. तो सुई टोचायला निघाला तर तिथून उठावं.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर म्हटलं की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतं. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ते घरोघरी पोचवलं. पण कोटणीस चीनला गेले ते शल्यविशारद म्हणून. जपानशी चाललेल्या युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच गेले. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या त्यांच्या वैद्यकीय पथकात पाच जण होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर त्यांतलेच. पण सुईची विद्या भारतात आणली ती पथकातल्या कोलकात्याच्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. त्यांच्या दिवंगत सहकाऱ्याचं, कोटणीसांचं, नाव या कामाशी जोडलं गेलं. लुधियानात कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. चोळकर आणि बसू ही नावं मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहेत, याची मला खंत वाटते.

आता दवाखान्यात जाऊ. पण त्याआधी निदान झालेलं असायला हवं, आणि या अटीत सूट नाही. कंबरदुखीसोबत पायातली ताकद कमी होत असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल, जांघेत बधिरपणा असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आधी तपासण्या. चढ चढताना डावा हात, खांदा किंवा जबडा भरून येत असेल तर तो खांद्याचा आजार नसून हृदयाचा असू शकतो. चांगला ॲक्युपंक्चरिस्ट हे सगळं स्वतःहून विचारतो, जुने रिपोर्ट पाहतो आणि शंका आली तर सुई न लावता परत पाठवतो. पहिल्याच भेटीत पाठवणी झाली तर वाईट वाटून घेऊ नका. त्या माणसाचं नाव लिहून ठेवा, तपासण्या झाल्या की त्याच्याकडेच जा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर आणि मधुमेहात पायाला आलेला बधिरपणा, या चार गोष्टी त्याने विचारल्या नाहीत तर आपण सांगाव्यात. काही जण सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडतात; पेसमेकर असलेल्यांनी तो घेऊ नये. सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. त्यामुळे दुखतं ते अगदी थोडं. टोचल्यावर खोल कुठेतरी जडपणा किंवा मुंग्या जाणवतात, आणि ते अपेक्षितच असतं. वीज चमकल्यासारखी कळ आली तर मात्र लगेच सांगावं.

सुई नवी, बंद पाकिटातली आणि आपल्यासमोर उघडलेली हवी. ‘तुमच्या सुया वेगळ्या ठेवतो, उकळून घेतो’ हे उत्तर चालणार नाही. हिपॅटायटिस बी आणि सी एवढ्याशा निष्काळजीपणातून पसरतात. वापरलेली सुई कुठे जाते तेही पाहा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती पांढऱ्या अर्धपारदर्शक, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची असते. हा डबा टेबलाजवळ दिसला तर बाकीची शिस्तही बहुधा नीट असते. छाती, पाठीचा वरचा भाग आणि मानेचा पाया इथे सुई किती खोल जाते याला फार महत्त्व आहे, कारण खाली फुफ्फुस असतं. ते टोचलं जाण्याचा प्रकार दुर्मीळ आहे, पण घडतो. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित व्यावसायिकांच्या ३४,००० हून अधिक उपचारांची नोंद ठेवली गेली. २००१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि तीत एकही गंभीर इजा नव्हती. इथे ‘प्रशिक्षित’ हा शब्द वजनाचा आहे. पाठीत टोचून घेतल्यावर धाप लागली, छातीत दुखलं, तर घरी जाऊन पडून राहू नका.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: किती सिटिंग लागतील, आणि फरक पडला नाही तर कधी थांबायचं? या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून माणूस कळतो. ‘जुना आजार आहे, वेळ लागणारच’ एवढंच सांगून तीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरायला लावणाऱ्याकडे थांबू नये. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी असलेल्या सरकारी विमायोजनेने जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली. त्यांचा नियम असा: ९० दिवसांत १२ सिटिंग. सुधारणा दिसली तरच आणखी ८. वर्षाला एकूण २० पेक्षा जास्त नाहीत. सुधारणा नसेल किंवा दुखणं वाढत असेल तर उपचार बंद. हा हिशेब सरकारी तिजोरीने केलेला आहे. आपण तो आपल्या खिशासाठी तसाच उचलावा.

फरक मोजायचा कसा? ‘थोडं बरं वाटतंय’ यावर विसंबू नये. आशा लागलेल्या माणसाला चार दिवस बरं वाटतंच, शिवाय दुखणं आपसूकही चढतं-उतरतं. सुरू करण्याआधी वहीत तीन कामं लिहावीत, जी आज दुखण्यामुळे अडतात. उदाहरणार्थ, मांडी घालून जेवायला बसणं, दोन जिने न थांबता चढणं, उजव्या कुशीवर झोपणं, वरच्या फडताळातला डबा काढणं. पेनकिलर आठवड्याला किती लागतात तेही लिहावं. सहाव्या सिटिंगनंतर वही उघडून डॉक्टरांसमोर ठेवावी. एकही काम सोपं झालं नसेल आणि गोळ्या तेवढ्याच असतील, तर पुढे जाण्याचं कारण त्यांनी पटवून द्यायला हवं. व्यायाम सोडू नये. सुईने दुखणं हललं की त्या सवलतीत स्नायू बळकट करून घ्यायचे असतात, हे चांगला ॲक्युपंक्चरिस्ट पहिल्याच दिवशी सांगतो.

दुखणं नसताना, नुसतं ‘तब्येतीसाठी’ सुया टोचून घेणारेही आहेत. अर्धा तास शांत पडून राहिल्याने, कोणीतरी निवांत विचारपूस केल्याने हलकं वाटतं, त्या रात्री झोप चांगली लागते, हे अनेकांचं म्हणणं मला खरं वाटतं. तेवढ्यासाठी पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत. केमोथेरपीनंतरची आणि शस्त्रक्रियेनंतरची मळमळ मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका बिंदूवर टोचल्याने कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण प्रतिकारशक्ती वाढेल, शरीरातली विषद्रव्यं निघून जातील, इन्सुलिन सुटेल या दाव्यांना तसा आधार नाही. मधुमेह, कर्करोग, लकवा, लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला तर औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अशी पाटी बाहेर असलेल्या दवाखान्यात आत प्रमाणपत्र कितीही मोठं लावलेलं असो, पायरी चढू नये. आणि चालू असलेली कोणतीही गोळी, रक्तदाबाची असो की साखरेची, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, मग सुया टोचणारा काहीही म्हणो.

पुढच्या आठवड्यात गुडघ्याकडे वळू: झीज दाखवणारा एक्स-रे आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ का बसत नाही, आणि जिने टाळल्याने गुडघा वाचतो का.