आंतरमहाविद्यालयीन क्रीडाविभाग

एकाच विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांचा, क्रीडास्पर्धांच्या सोयीसाठी केलेला भौगोलिक गट. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांची संख्या वाढली व त्यांचा प्रदेश विस्तारला, की सर्व संघांना एका जागी आणून स्पर्धा घेणे अशक्य होते. अशा वेळी महाविद्यालयांची विभागांत वाटणी करतात. प्रथम विभागीय सामने होतात, त्यांतील विजेते आंतरविभागीय सामने खेळतात आणि या क्रमातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. कोणते महाविद्यालय कोणत्या विभागात असावे, हा प्रश्न वरवर कार्यालयीन वाटला, तरी खेळाडूला मिळणारी संधी पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

इतिहास : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. प्रारंभी त्याचे कार्यक्षेत्र सर्व मुंबई इलाखाभर पसरलेले होते. १९४९ मध्ये पुणे, गुजरात, कर्नाटक व बडोदा येथील महाराजा सयाजीराव ही विद्यापीठे निघाली आणि मुंबईच्या स्पर्धांत खेळणारी दूरदूरची महाविद्यालये त्यांच्याकडे गेली. गोव्यातील महाविद्यालये १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मुंबईशी संलग्न होती. सध्या मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सात जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

विद्यापीठा-विद्यापीठांतील स्पर्धांना क्रिकेटपासून विशेष चालना मिळाली. रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा १९३५-३६ मध्ये सुरू झाली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाने पुढे अशा स्पर्धांची जबाबदारी घेतली. या मंडळालाच १९७३ पासून भारतीय विद्यापीठ संघ हे नाव आहे. वर्षभरातील सर्व खेळांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठास १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देण्यात येतो. अजित वाडेकर व सुनील गावसकर हे मुंबई विद्यापीठाच्या संघांतून पुढे आलेले खेळाडू होत. राज्यातील विद्यापीठांसाठी ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव भरतो, तर केंद्र शासनाच्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वर येथे प्रथम झाल्या.

रचना : भारतातील विद्यापीठीय क्रीडाव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. महाविद्यालयाचा संघ, विद्यापीठाचा विभाग, विद्यापीठाचा संघ, देशाचा विभाग आणि अखिल भारतीय स्पर्धा असा तिचा चढता क्रम आहे. देशातील विद्यापीठांचे उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे विभाग पाडलेले असून महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात मोडतात. या क्रमात एखाद्या महाविद्यालयास आपला गट आपण निवडण्याची मुभा सामान्यतः नसते. महाविद्यालय ज्या विद्यापीठाच्या प्रादेशिक कक्षेत असेल त्याच्याशी ते संलग्न होते आणि त्या संलग्नतेबरोबर त्याला स्पर्धेतील स्थान आपोआप मिळते. नवीन महाविद्यालय कोठे निघावे, हे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यावरून ठरते. त्या आराखड्यात शिक्षणाच्या गरजेचा विचार असतो. मैदानांचा विचार त्या मानाने गौण राहतो.

अमेरिकेतील पद्धती याहून सर्वस्वी भिन्न आहे. तेथे विद्यापीठे स्वेच्छेने क्रीडासंघ स्थापन करतात, नव्या सभासदास निमंत्रण देतात आणि सभासदही एक संघ सोडून दुसऱ्यात जातात. १८९६ मध्ये मध्य-पश्चिम भागातील विद्यापीठांनी स्थापन केलेल्या ‘बिग टेन’ या संघात २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठे सामील झाली व सभासदांची संख्या अठरा झाली. त्याच वर्षी ‘पॅक-१२’ या जुन्या संघात केवळ दोन विद्यापीठे उरली. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण-हक्कांतून मिळणारे उत्पन्न हे या स्थलांतरामागील प्रमुख कारण होय. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने या हक्कांवरील मध्यवर्ती संस्थेचे नियंत्रण अवैध ठरविले आणि विद्यापीठांना व त्यांच्या संघांना स्वतंत्रपणे करार करता येऊ लागले. त्यामुळे भौगोलिक सान्निध्याचे महत्त्व कमी झाले; प्रवासाचा भार मात्र फुटबॉलखेरीज अन्य खेळांतील विद्यार्थ्यांवरही पडला. भारतात महाविद्यालयीन सामन्यांपासून असे उत्पन्न नाही, म्हणून धनलोभाने होणारी फेररचनाही नाही. परंतु अंतराचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

विस्ताराचे प्रकार : आपल्याकडे स्पर्धेतील महाविद्यालयांचा समूह चार प्रकारांनी बदलतो. पहिला प्रकार नव्या महाविद्यालयांच्या संलग्नतेचा. दुसरा, विद्यापीठाच्या विभाजनाचा. १९४९ व १९८५ मधील बदल या प्रकारचे होते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी वेगळे कोकण विद्यापीठ असावे ही मागणी मान्य झाल्यास त्याची पुनरावृत्ती होईल. तिसरा प्रकार, काही महाविद्यालयांचे मिळून समूह विद्यापीठ होण्याचा. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात एल्फिन्स्टन व सिडनहॅम ही जुनी महाविद्यालये आली. २०२० मध्ये निघालेल्या एचएसएनसी विद्यापीठात किशिनचंद चेलाराम व एच. आर. ही महाविद्यालये आली. अशी महाविद्यालये मूळ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून बाहेर पडतात. त्यांच्या खेळाडूंना विद्यापीठाच्या संघात येण्यासाठी थोड्याच महाविद्यालयांशी चढाओढ करावी लागते, पण त्याबरोबर सरावाला लागणारे तुल्यबळ प्रतिस्पर्धीही दुरावतात. चौथा प्रकार, विद्यापीठाच्या अंतर्गत विभागांच्या सीमा बदलण्याचा. याची चर्चा सर्वांत कमी होते. परिणाम मात्र रोजच्या खेळावर सर्वांत अधिक होतो.

प्रादेशिक नियमाला काही अपवादही आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाशी राज्यातील कोणत्याही भागातील महिला महाविद्यालय संलग्न होऊ शकते. वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या इ. शाखांची महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे असतात, तर अभियांत्रिकी महाविद्यालयांना लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा पर्याय आहे. परिणामी एकाच गावातील, एकाच रस्त्यावरील दोन महाविद्यालयांचे संघ अधिकृत स्पर्धेत एकमेकांसमोर कधीच येत नाहीत, असे घडू शकते.

वसई-विरारचे उदाहरण : विभागरचनेतील अडचणी वसई-विरार परिसरात स्पष्टपणे दिसतात. हा परिसर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या दिवशी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा या आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वी २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली होती. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. वसई रोड येथील अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय व विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय, वसईचे संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय, विरारचे विवा महाविद्यालय या येथील परिचित संस्था होत. कबड्डी, खो-खो, क्रिकेट व फुटबॉल हे खेळ येथे रुजलेले आहेत. महानगरपालिकेने २०११ मध्ये सुरू केलेल्या मॅरॅथॉन शर्यतीमुळे लांब पल्ल्याच्या धावण्याकडेही तरुणांचे लक्ष वेधले गेले.

प्रशासनाच्या दृष्टीने हा भाग पालघर जिल्ह्याचा, तर दळणवळणाच्या दृष्टीने मुंबईच्या उपनगरांचा आहे. विरार चर्चगेटपासून सु. ६० किमी. अंतरावर असून दोन्ही स्थानके उपनगरी रेल्वेने जोडलेली आहेत. वसई रोडहून दिव्याकडे जाणारा लोहमार्ग आहे, पण त्यावरील गाड्या तुरळक असल्याने ठाणे-कल्याण परिसराशी तसा संपर्क राहत नाही. उपनगरी गाड्यांची सेवा २०१३ मध्ये डहाणूपर्यंत वाढली आणि किनाऱ्यालगतची महाविद्यालये वसईला जवळ आली. मात्र वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या गावी रेल्वे नाही. जव्हारच्या संघाला मुंबईतील सकाळच्या सामन्यासाठी घाटरस्त्याने पहाटेपूर्वीच निघावे लागते किंवा आदल्या दिवशी येऊन मुक्काम करावा लागतो.

वसई-विरारची महाविद्यालये मुंबईच्या उपनगरांबरोबर ठेवली, तर त्यांना सुसज्ज मैदाने व कसलेले प्रतिस्पर्धी मिळतात. पण पहिल्याच फेरीत बलाढ्य संघांशी गाठ पडून बाद होण्याचा संभवही वाढतो. ती जिल्ह्यातील अन्य महाविद्यालयांबरोबर ठेवली, तर वसई हे सामन्यांचे स्वाभाविक केंद्र बनते व दुर्गम तालुक्यांतील संघांचा मुंबईपर्यंतचा प्रवास वाचतो. परंतु मोठ्या शहरी महाविद्यालयांपुढे आदिवासी भागातील लहान महाविद्यालयांचा टिकाव लागणे कठीण होते. म्हणजे वसई-विरारच्या संघांना मुंबईसमोर जी तक्रार असते, तीच जव्हार-मोखाड्याच्या संघांना वसई-विरारबद्दल असू शकते.

अंतर हा खेळाडूच्या घडणीतील किती मोठा घटक आहे, हे क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या उदाहरणावरून ध्यानात येते. विरारला राहणाऱ्या या मुलास शाळा व सराव यांसाठी बालवयात वांद्र्यापर्यंत रेल्वेने जावे लागे. २०१३ मध्ये शालेय स्पर्धेत त्याने एका डावात ५४६ धावा काढल्या व २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच्या यशाची नोंद झाली. प्रवासानेच ज्यांचा खेळ सुटला, त्यांची नोंद कोठेही होत नाही.

विभागरचनेचे निकष : विभाग ठरविताना नकाशावरील अंतराऐवजी प्रवासाला लागणारा वेळ विचारात घेणे इष्ट असते. प्रत्येक विभागात महाविद्यालयांची व संघांची संख्या समतोल असावी लागते. मुलींच्या संघांची संख्या वेगळी पाहावी लागते, कारण परतीचा प्रवास रात्रीचा असेल तर प्रथम मुलींचे संघ गळतात. खेळनिहाय विभाग वेगळे असण्यासही हरकत नसते. कबड्डी व खो-खो यांचे सामने तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतात, पण जलतरण किंवा कृत्रिम धावपट्टीवरील मैदानी शर्यती जेथे सोय असेल तेथेच घ्याव्या लागतात. विभागीय विजेत्यांना पुढील फेरीत निश्चित स्थान आणि विभागाबाहेर राहिलेल्या गुणी खेळाडूंसाठी खुली निवडचाचणी, या दोन्हींची जोड दिल्यास सीमारेषेमुळे होणारा अन्याय कमी होतो.

महत्त्व : महाविद्यालयीन स्पर्धेचा लाभ पदकापुरता मर्यादित नसतो. मुंबई विद्यापीठात खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण मिळण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अशा सवलतींत खेळाडू कोणत्या पातळीपर्यंत खेळला, हे पाहिले जाते आणि वरच्या पातळीची वाट विभागीय सामन्यांतूनच जाते. सामन्याच्या ठिकाणी वेळेवर पोचू न शकलेल्या संघाचा प्रतिस्पर्धी न खेळता पुढे जातो व गुणपत्रकावर केवळ निकाल उरतो. यामुळे क्रीडाविभागांचा विस्तार करताना त्यांत किती महाविद्यालये सामावली, यापेक्षा त्यांपैकी किती प्रत्यक्ष मैदानावर उतरू शकली, हाच त्या रचनेच्या यशाचा खरा निकष मानला पाहिजे.