राजचिन्हांचें रक्षण

राज्याभिषेक म्हटला कीं मुकुट, राजदंड व खड्ग हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु संकटकाळीं तीं कोणीं जतन केलीं, हा विचार आपण क्वचितच करतों. या दृष्टीनें स्कॉटलंड देशाच्या राजचिन्हांची हकीकत बोधप्रद आहे, म्हणून ती आम्ही येथें थोडक्यांत देतों.

यांपैकीं राजदंड १४९४ सालीं व खड्ग १५०७ सालीं रोमच्या पोपांकडून चौथ्या जेम्स राजास भेटीदाखल मिळालें. मुकुट पांचव्या जेम्सनें १५४० सालीं नव्यानें घडवून घेतला.

पुढें १६४९ सालीं इंग्लंडांत पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि तेथील प्राचीन राजचिन्हें नव्या सरकारनें बहुतेक वितळवून टाकलीं. स्कॉटलंडनें मात्र त्याच्या पुत्रास १ जानेवारी १६५१ रोजीं स्कून येथें मुकुट घातला. त्याच वर्षीं क्रॉमवेलच्या फौजेनें समुद्रकांठच्या डनॉटर किल्ल्यास वेढा दिला. राजचिन्हें त्याच किल्ल्यांत होतीं!

अशा समयीं जवळच्या किनेफ गांवचे पाळक जेम्स ग्रेंजर व त्यांची पत्नी ख्रिश्चन फ्लेचर पुढें आलीं. वेढ्यांतून राजचिन्हें बाहेर कशीं आलीं, याच्या दोन कथा आहेत. पाळकांच्या पत्नीनें तीं शत्रूच्या छावणींतून लपवून आणलीं, असें कोणी म्हणतात. तर कड्यावरून दोरीनें खालीं सोडून शेवाळ वेंचणाऱ्या दासीच्या टोपलींतून नेलीं, असें दुसरे सांगतात. लपवितां यावें म्हणून खड्गाचे दोन तुकडे करावे लागले. मग पतिपत्नींनीं तीं उपासनामंदिराच्या जमिनीखालीं पुरून ठेविलीं. मे १६५२ मध्यें किल्ला पडला, पण शत्रूच्या हातीं मुकुट लागला नाहीं. किल्लेदार ओगिल्व्ही व त्याची पत्नी यांनीं कैद सोसली. तथापि रहस्य फुटलें नाहीं. राजा १६६० सालीं परत आला, तेव्हां राजचिन्हेंही परत आलीं.

पुढें १७०७ सालीं दोन्ही राज्यें एक झालीं व हीं चिन्हें एडिंबरोच्या किल्ल्यांत एका पेटींत कुलुपबंद झालीं. तीं नाहींशींच झालीं असावींत, असा लोकांस संशय येऊं लागला. अखेर १८१८ सालीं सर वॉल्टर स्कॉट यांच्या समक्ष पेटी उघडली, तों सर्व वस्तु आंत सुरक्षित! आजही त्या त्याच किल्ल्यांत पाहावयास मिळतात. आणि २०२२ सालीं एलिझाबेथ राणीच्या शवपेटीवर हाच मुकुट ठेविला होता.

किल्ल्याच्या भिंतींनीं जें साधलें नाहीं, तें एका खेड्यांतील पतिपत्नींच्या निष्ठेनें साधलें. विश्वासानें हातीं दिलेली वस्तु, मग ती लहान असो वा थोर, प्राणापलीकडे जपावी, हेंच आमच्या बालवाचकांनीं यांतून घ्यावें.