शेपटीखालचा टेकू

जळगाव विमानतळावर एटीआर-७२ येऊन थांबलं की चाकांना ठोकळे लागतात आणि एक कर्मचारी टेकू घेऊन शेपटीकडे जातो. या विमानात प्रवाशांचं दार मागे आहे आणि सामानाचा मोठा कप्पा पुढे. पुढचं सामान उतरलं आणि मागे प्रवाशांची गर्दी झाली, तर सत्तरेक आसनांचं हे धूड मागे कलंडू शकतं. म्हणून हा टेकू.

जुन्या डकोटा विमानाला त्याची गरज नव्हती. ते बसायचंच शेपटीवर : पुढे दोन मोठी चाकं, मागे एक छोटं. विमान जमिनीवर उभं असताना पुढच्या आसनापर्यंत जायचं म्हणजे चक्क चढण चढावी लागे.

डग्लस कंपनीचं हे डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ रोजी. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या लष्करी आवृत्त्या हजारोंनी बनल्या आणि ब्रिटिशांनी ठेवलेलं डकोटा हे नाव आपल्याकडे रुळलं. युद्ध संपल्यावर ही विमानं स्वस्तात मिळू लागली. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्यांतली अनेक प्रवासी वाहतुकीसाठी बदलून दिली. १९४९ मध्ये याच विमानांवर रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या ९९ विमानांपैकी ७४ डकोटा होती.

एटीआरचा पंखा जवळून पाहावा. सहा पाती, तलवारीसारखी मागे वळलेली. डकोटाला तीन असत, धातूची. पण पात्यांचा कोन उडताना बदलायची युक्ती दोन्हीकडे एकच. घराणंही एकच : बहुतेक डकोटांची इंजिनं प्रॅट अँड व्हिटनीची आणि पंखे हॅमिल्टन स्टँडर्डचे, एटीआरचं इंजिन त्याच प्रॅट अँड व्हिटनीच्या कॅनडातल्या शाखेचं आणि पंखाही हॅमिल्टनचाच. एटीआरच्या उजव्या पंख्याला ब्रेक असतो. तो लावला की पाती थांबतात, इंजिन मात्र चालू राहतं आणि उभ्या विमानाला वीज नि थंड हवा पुरवतं. वैमानिक याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात.

जळगावची धावपट्टी सुमारे १,७०० मीटरची. भरलेल्या मोठ्या जेटला ती तोकडी, एटीआरला पुरेशी. इंधनही जेटपेक्षा कमी लागतं. छोट्या गावांना जोडायचं डकोटाचं काम आज पंख्याचीच विमानं करतात, ती यामुळे.

पण डकोटाचा खरा पराक्रम हिशेबाच्या वहीतला. सरकारी टपालाच्या पैशावर न विसंबता, नुसत्या प्रवाशांच्या तिकिटांवर नफा देणारं ते पहिलं विमान मानलं जातं. जळगावला हा हिशेब सहज जुळला नाही : २०१७ च्या डिसेंबरात सरकारी अनुदानाच्या ‘उडान’ योजनेत छोटं बीचक्राफ्ट आलं आणि बंद पडलं. २०१९ मध्ये एटीआर आलं, तेही थांबलं. २०२४ पासून पुन्हा एटीआर येऊ लागलं. खानदेशातल्याच धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर तर शिकाऊ वैमानिकच घिरट्या घालतात.

‘उडान’चं अनुदान ठरावीक मुदतीचं असतं. ती मुदत सरल्यावरही तिकिटांच्या पैशांत विमान उडत राहिलं, तरच खानदेशाला विमानसेवा मिळाली म्हणायची.