गाडी भाड्याची, हात शिकाऊ

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा झाला तरी मालकाला विचारावे लागते, हे आम्हां बिऱ्हाडकरूंना कोणी शिकवायला नको. असे असताना भाड्याची मोटार अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती देताना मला कोणालाच विचारावेसे का वाटले नाही, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

आमच्याकडे स्वतःची मोटार नाही. घेतली तरी पुण्याच्या पेठेत ती ठेवायची कुठे, हा प्रश्नच आहे. म्हणून २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आपणच चालवायची अशी एक गाडी चार दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि ताम्हिणी घाट उतरून, माणगावावरून आम्ही तिघे दिवेआगरला गेलो. गाडीची नंबरपाटी काळी, तीवर पिवळी अक्षरे. अशा भाड्याच्या गाडीची ती खूणच असते. माझ्यासारख्याला ती केवळ शोभा वाटली!

चिरंजीवांनी नुकतीच अठरा पुरी केली होती. खिशात शिकाऊ परवाना होता आणि ड्रायव्हिंग स्कूलचे दहा धडे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघेच दूध आणायला निघालो. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी. तो हळूच म्हणाला, "बाबा, दहाच मिनिटं. इथं कोण आहे बघायला?"

'कोण आहे बघायला' हे वाक्य वर्गात कॉपी करणाऱ्याच्या तोंडून ऐकले की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. त्या सकाळी मात्र मी उतरलो आणि जागा बदलली.

नऊ मिनिटे तो खरोखरच छान चालवीत होता. दहाव्या मिनिटाला गाडी वळवण्यासाठी त्याने ती मागे घेतली. क्लच सुटला, पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला आणि गाडी चिऱ्यांच्या गडग्यावर जाऊन बसली. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. मी पाय दाबला तो नुसत्या पायपुसण्यावर! बंपर चिरला, मागचा दिवा फुटला. नशीब, गडग्यापाशी कोणी उभे नव्हते. तीन घरे सोडून एक आजोबा रांगोळीसाठी बसलेल्या नातीला उठवून आत नेत होते, ते मला त्यानंतर दिसले. माझे हात कापायला लागले ते तेव्हा.

घरी सौ.ने एवढेच विचारले, "अहो, लागलं नाही ना कोणाला?" मग तिने कराराचा कागद माझ्यापुढे ठेवला. सही करताना मी तो वाचला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळींमधला अर्थ शोधणाऱ्या मला छापलेल्या ओळी वाचायला वेळ नव्हता! त्यात स्वच्छ लिहिले होते: ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याजवळ पक्का परवाना आहे, त्यानेच चालवावी, दुसऱ्या कोणी चालवल्यास नुकसान सर्वस्वी घेणाऱ्याचे.

कायदा शिकाऊ माणसाला रस्ता बंद करीत नाही. मात्र तो अटी घालतो. मोटारीसाठी वय अठरा हवे. शेजारी पक्का परवानाधारक हवा, आणि तोही गाडी आवरता येईल अशा जागी. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर हवे. परवाना सहा महिने चालतो, आणि निदान तीस दिवस गेल्यावरच पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. आमच्या गाडीवर 'एल'ची पाटी नव्हती आणि गाडीवाल्याची परवानगी तर नव्हतीच.

पुण्यात गाडी परत देताना तिथल्या तरुणाने फुटका दिवा पाहून विचारले, "सर, कोण चालवत होतं?"

वाचकहो, उत्तर माझ्या जिभेवर तयार होते: 'मीच.' तेवढ्या एका शब्दाने बहुतेक भरपाई विम्यावर गेली असती. मी तोंड उघडले आणि चिरंजीवांकडे नजर गेली. तो माझ्याकडेच पाहत होता. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. नुसते कुतूहल होते. बाबा आता काय म्हणतात?

क्लच कसा सोडावा हे त्याला कोणीही शिकवील. हा धडा मात्र त्या क्षणी माझ्याकडूनच जाणार होता, खरा किंवा खोटा.

मी म्हणालो, "माझा मुलगा. परवाना शिकाऊ आहे. चूक माझी."

अनामत रक्कम सगळी गेली, वर आणखी काही भरावे लागले. त्या वर्षीचा नवा फ्रिज आमच्याकडे आला नाही. वाटेत रिक्षात चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, पुढचे धडे मी स्कूलच्याच गाडीत घेतो. फीचे पैसे सुट्टीत शिकवण्या करून देईन." आणि दिलेही.

आता त्याच्याजवळ पक्का परवाना आहे. परवा पुन्हा तशीच गाडी ठरवली. मी खिशातून पेन काढले, तर त्याने माझा हात धरला.

"बाबा, आधी वाचा."

प्राध्यापकाला 'वाचा' म्हणून सांगणारा विद्यार्थी भेटणे, हे भाग्यच म्हणायचे. मी चष्मा लावला.