हुकमी चढाईपटू सोडायचा, पण कधी?

२०१९च्या प्रो कबड्डीत पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने चढायांमधून ३००हून अधिक गुण कमावले आणि त्याचा संघ बारा संघांत आठवा आला. आदल्या वर्षीही तेच घडलं होतं. चढाईत प्रदीपचे २३३ गुण, आणि पाटणा बाद फेरीच्या बाहेर. याच प्रदीपने २०१७मध्ये ३६९ गुण काढून पाटण्याला सलग तिसरं विजेतेपद मिळवून दिलं होतं. कोपऱ्यात चार जण दबा धरून उभे असताना त्यांच्या हाताखालून डुबकी मारून मध्यरेषेपर्यंत सरपटत येणारा असा दुसरा खेळाडू या लीगने पाहिलेला नाही.

आणि तरी पाटण्याने त्याला सोडलं. ऑगस्ट २०२१च्या लिलावात यूपी योद्धाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले. लीगमधली तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती. पाटण्याने मात्र वाचलेल्या पैशांतून एकच मोठं नाव आणलं नाही. सचिन तन्वर, मोनू गोयत, प्रशांत कुमार राय, गुमान सिंग असे चार चढाईपटू जमवले आणि डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरझा शादलुई हा तरुण उभा केला. त्या हंगामात शादलुईने पकडींचे ८९ गुण मिळवले. पाटणा साखळीत पहिलं आलं, उपांत्य सामन्यात प्रदीपच्याच यूपी योद्धाला ३८-२७ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून ३७-३६ अशी एका गुणाने हार पत्करली.

हरणाऱ्या संघाने आपला सर्वांत मोठा खेळाडू सोडून नव्याने बांधणी करावी का, हा प्रश्न जगभरच्या खेळांत विचारला जातो. आपल्याकडे तो सगळ्यात उघडपणे दिसतो कबड्डीत. विंचूरच्या तीनपाटीवर उभं राहून हा विषय काढला, तर बोलायला माणसं कमी पडणार नाहीत. निफाड तालुक्यात कबड्डी ही यात्रेच्या मैदानातली, गावच्या मंडळातली गोष्ट आहे. शिवाय पुणेरी पलटणच्या २०२४च्या विजेत्या संघात आपल्या नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे होता आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार होता. ऑक्टोबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघातही हे दोघे होते.

एक खेळाडू ३०० गुण काढतो आणि संघ हरतो, हे होतं कसं? याचं उत्तर कबड्डीच्या नियमांतच आहे. क्रिकेटमध्ये विराट बाद झाला तरी त्याने केलेल्या ८० धावा फळ्यावर राहतात आणि उरलेले फलंदाज आपापलं खेळतात. कबड्डीत चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो, आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गडी बाद केला किंवा पकड केली तरच परत येतो. म्हणजे हुकमी खेळाडू आत असताना संघ त्याच्यावर चालतो आणि तो बाहेर गेला की त्याला परत आणण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांना त्याची सवयच नसते. समोरचा संघ हे ओळखून असतो. त्याला बाकीच्या सहा जणांचं काहीच करायचं नसतं. फक्त एकाला पकडायचं आणि पाच-सहा मिनिटं बाहेर ठेवायचं. तेवढ्यात इकडे दोन चढाया रिकाम्या जातात, तिसरी करो या मरोची येते, ती करायला कच्चा मुलगा जातो, पकडला जातो, आणि बघता बघता सगळे बाद होऊन लोण चढतो. लोणचे दोन जादा गुण तर जातातच. मग सात जण पुन्हा ताजे होऊन आत येतात, पण तोवर फरक आठ-दहाचा झालेला असतो.

म्हणून कबड्डीत एका खेळाडूवर उभा असलेला संघ जिथे दिसायला मजबूत असतो, तिथेच तो सर्वांत कच्चा असतो.

याचा दुसरा, अधिक बोचणारा पुरावा पैशांत आहे. विंचूर हे लासलगाव बाजार समितीचं उपआवार, त्यामुळे लिलाव म्हणजे काय ते इथे समजावून सांगायला नको. पण कबड्डीच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीला टोपण असतं. दहाव्या हंगामासाठी ती मर्यादा ५ कोटी होती आणि त्यात कायम ठेवलेल्या खेळाडूंचे पैसेही धरले जात. त्या वेळी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मोजली. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे एका माणसावर. पवन भारताचा कर्णधार, त्या काळातला देशातला सर्वोत्तम चढाईपटू. त्याने आपलं काम केलंही. पण टायटन्सने २२ सामन्यांतले फक्त २ जिंकले आणि ते तळाला राहिले. पवनचा यात काही दोष नव्हता. उरलेल्या पैशांत कोपरे आणि मध्यरक्षक ताकदीचे मिळाले नाहीत, एवढंच.

त्याच्या आदल्या हंगामातली गोष्ट याहून बोलकी आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये तमिळ थलैवाजसाठी खेळताना पवनला पहिल्याच सामन्यात दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख गेलेले होते. सगळ्यांनी थलैवाज संपले असं धरलं. पण नरेंदर कंडोला हा नवखा मुलगा पुढे आला, चढायांतून २४३ गुण घेऊन गेला आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले. मुलगा संघात होताच; दुखापतीमुळे त्याला जागा मिळाली.

आता इथे थांबून कुणी म्हणेल की बस, मोठा खेळाडू विकून टाकावा, बाकी आपोआप जमतं. तसं अजिबात नाही. पुणेरी पलटणची गोष्ट नीट पाहिली तर कळतं.

आठव्या हंगामात, म्हणजे २०२१-२२मध्ये, पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे नावाजलेले चढाईपटू होते आणि प्रशिक्षक होता अनुप कुमार. हंगाम पुढे सरकला तसा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन पोरसवदा खेळाडूंनी उचलला. जुन्या नावांना बसवून नव्यांना खेळवणं सोपं नसतं. प्रेक्षक ओरडतात, मालक विचारतात. ते केलं गेलं आणि संघ बाद फेरीत गेला. पुढच्या हंगामात पलटणने मोठा पैसा लावला तो चढाईपटूवर नव्हे, बचावावर. इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आला. अस्लम आणि मोहित दोघेही जखमी असताना पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्या जोरावर पलटण अंतिम फेरीत पोहोचली आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरकडून ३३-२९ अशी हरली.

अंतिम फेरीत गेलेल्या संघाने त्यानंतर काय करावं? पलटणने फझललाच सोडलं. तो १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला. त्याच्या जागी त्याहून तरुण शादलुई २ कोटी ३५ लाखांना आणला. पाच कोटींच्या थैलीतले हे जवळजवळ ४७ टक्के होतात. टायटन्सनेही एका माणसावर जवळपास तेवढेच पैसे घातले होते. मग पलटण जिंकली आणि टायटन्स बुडाले, असं का? कारण पलटणकडे चढाईची सगळी फळी आधीच घरात तयार होती आणि तिला लिलावात विकत घ्यावं लागत नव्हतं. तरुण खेळाडूंना कायम ठेवण्याचे नियम वेगळे आणि स्वस्त आहेत. पलटणने २०२१पासून जे पेरलं होतं त्यामुळे २०२३ला तिच्या हातात पैसा उरला. १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने पहिलं विजेतेपद घेतलं. हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला अस्लम.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे द्राक्षबागेवरून लगेच पटेल. बाग जुनी झाली, माल घटला की ती काढून नवी लावावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण डॉगरिजचा खुंट लावायचा, तो जोर धरला की कलम करायचं, रिकट घ्यायचा, आणि गोडी छाटणीनंतर पहिला माल हातात यायला दोन वर्षं जातात. त्या दोन वर्षांत बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून शहाणा बागायतदार सगळे प्लॉट एकदम काढत नाही. एक उभा ठेवतो, दुसऱ्यात खुंट लावतो. पलटणने हेच केलं. खुंट आधी लावले, जुनी बाग मग काढली.

परदेशात नवबांधणीला मोठी मदत मिळते, जी आपल्याकडे नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये तळाच्या संघाला पुढच्या वर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंमधून आधी निवड करण्याचा हक्क असतो, आणि संघ आपला मोठा खेळाडू देऊन दुसऱ्या संघाचे हे हक्क घेऊ शकतो. ऑक्टोबर १९८९मध्ये डॅलस काउबॉइजनी हर्शेल वॉकरला मिनेसोटाकडे दिलं ते अशाच हक्कांसाठी. त्या हंगामात डॅलसने सोळापैकी एकच सामना जिंकला. पण १९९२, १९९३ आणि १९९५ या तिन्ही हंगामांत विजेता डॅलसच होता. प्रो कबड्डीत हरणाऱ्याला असं काही बक्षीस नाही. लिलावात पहिला आणि शेवटचा दोघांची मर्यादा सारखीच. म्हणून इथे मुद्दाम एक-दोन हंगाम वाया घालवण्यात काहीही अर्थ नाही. नवबांधणी करायची तर ती स्वतःच्या अकादमीतून, जिल्हा निवड चाचण्यांतून, कुमार गटाच्या मैदानांवरूनच करावी लागते.

यू मुंबाला हे उशिरा उमगलं, असं माझं मत आहे. पहिल्या तीन हंगामांत सलग तीन अंतिम सामने, २०१५चं विजेतेपद, आणि २०१६नंतर एकही अंतिम फेरी नाही. कर्णधार अनुप कुमार गेल्यावर संघाने दरवर्षी नवा आधार शोधला. २०२२ला गुमान सिंगवर १ कोटी २१ लाखांहून अधिक खर्च केले आणि बाद फेरी हुकली. पुढच्या वर्षीही हुकली. अकराव्या हंगामात मात्र सुनील कुमार या बचावपटूवर कोटीभर रुपये लावले आणि चढाई महाराष्ट्राच्या अजित चौहानसारख्या नव्या मुलावर सोपवली. त्या वर्षी यू मुंबा बाद फेरीत आली. मोठा पैसा बचावावर, चढाई घरच्या पोरांवर, ही पलटणचीच वाट. चढाईपटूची कारकीर्द छोटी असते, गुडघे लवकर बोलू लागतात. कोपरारक्षक मात्र तिशीतही अनुभवावर खेळतो. फझल त्याचं जिवंत उदाहरण आहे.

पलटणच्या विरोधातही एक गोष्ट सांगितली पाहिजे. विजेतेपदानंतर तिने शादलुईला पुन्हा लिलावात सोडलं. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि २९ डिसेंबर २०२४ला हरियाणा विजेता झाला, तेही पुण्याच्या बालेवाडीत. त्याच हंगामात अस्लम जखमी झाला आणि पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. मला हा निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. पाटण्याने प्रदीपला सोडलं ते हरत असताना, संघाचा तोल गेला म्हणून. पलटणचा तोल उत्तम होता. तिथे कोपरा मोकळा करण्याचं कारण नव्हतं. तरीही ऑक्टोबर २०२५मध्ये पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती. दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली, पण पोहोचली. तरुण फळी घरात असेल तर एका चुकीच्या लिलावाने संघ दहा वर्षं मागे जात नाही.

आणि प्रदीप? तो यूपीमधून बंगळुरूला गेला, तिथला संघ अकराव्या हंगामात तळाला राहिला. २०२५च्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. या लीगमध्ये चढाईचे इतके गुण दुसऱ्या कुणाच्याही नावावर नसताना हे झालं. मोठा खेळाडू सोडताना संघाने त्याला वेळेवर, तो विकला जात असताना, मानाने मोकळं करावं. पाटण्याने निदान तेवढं केलं.

तेव्हा माझं म्हणणं असं. संघ हरत असेल, गुण एकाच्याच नावावर जमत असतील, आणि बाकावर दोन मुलं तयार असतील, तर हुकमी खेळाडू सोडावा. वाचलेला पैसा दुसऱ्या हुकमी खेळाडूवर न घालता कोपऱ्यांवर घालावा. बाकावर मुलं नसतील, तर आधी ती तयार करावीत आणि तोवर त्याला धरून ठेवावं.

हे केवळ कोटींच्या लीगपुरतं नाही. आपल्या यात्रांमधल्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम मोठी झाली की मंडळं बाहेरून चढाईपटू आणतात. त्याला मानधन देतात, तो फायनल काढून देतो आणि निघून जातो. गावचा कुमार गटातला मुलगा वर्षानुवर्षं राखीव म्हणून पाणी देत राहतो आणि विसाव्या वर्षी खेळ सोडतो. आकाश शिंदे आणि अस्लम इनामदार ज्या मातीतून वर आले ती आपल्याला परकी नाही. विंचूर आणि परिसरातल्या मंडळांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती आहे: या हंगामात सातपैकी किमान दोन जागा गावच्या अठराच्या आतल्या मुलांसाठी राखून ठेवा, आणि ती अट स्पर्धेच्या पत्रिकेवरच छापा.