बुद्ध्यांक म्हणजे परीक्षेचे गुण नव्हेत

नाशिकमध्ये अनेक पालक मुलाच्या बुद्धिमत्ता चाचणीचा अहवाल हाती येताच बुद्ध्यांक परीक्षेच्या गुणांसारखा वाचतात. बुद्ध्यांक (समवयस्कांच्या तुलनेत मुलाचे स्थान दाखवणारा अंक) सरासरी १०० धरून काढतात. १३० किंवा त्याहून अधिक अंक सुमारे २ टक्के मुलांचाच असतो.

द्राक्षबागायतदार काढणीआधी मण्याच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातील साखर मोजणाऱ्या उपकरणावर) ठेवतो. साखर कळते, माल किती टिकेल, ते कळत नाही. तसेच बुद्ध्यांकातून मुलाची चिकाटी, आवड किंवा मनावरचा ताण कळत नाही.

पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनी या शिक्षणसंस्थेने प्रज्ञावंतांच्या शिक्षणात बुद्धीइतकेच प्रेरणेलाही महत्त्व दिले. ही प्रेरणा अंकातून कळत नाही, म्हणून चाचणीनंतर समुपदेशन (तज्ज्ञाशी मोकळा, मार्गदर्शक संवाद) आवश्यक आहे. अंक ही सुरुवात आहे, निकाल नव्हे.