राधानगरीच्या पाण्यातून वीज कशी तयार होते?

दर पावसाळ्यात ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ ही बातमी येते. त्याच बातमीत वीजगृहातून होणाऱ्या विसर्गाचा आकडाही असतो. या दोन पाण्यांत फरक आहे. दरवाज्यांतून सुटणारे पाणी थेट नदीत जाते. वीजगृहातले पाणी आधी वीज देते, मग नदीत जाते.

धरणामागे साठलेले उंचीवरचे पाणी मोठ्या नळातून दाबाने टर्बाइनवर येते. पाती फिरतात, त्यांच्याच दांड्याला जोडलेले जनित्र फिरते. जनित्रात तारांच्या वेटोळ्यांजवळ चुंबक फिरला की वीज निर्माण होते. ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब वाढवला की लांबच्या तारांत गळती कमी होते. उपकेंद्रात तो दाब पुन्हा उतरवून वीज घराघरांत जाते.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला 1,000 लिटर पाणी 30 मीटर उंचीवरून आले, तर सुमारे 294 किलोवॉट शक्ती मिळते. यंत्रातील घट वजा जाता 250 च्या आसपास हाती येते. पातळी उतरली की तेवढ्याच पाण्यातून कमी वीज मिळते. पाणी मात्र संपत नाही. तेच भोगावतीतून पंचगंगेत जाते, शेतीला आणि पिण्याला मिळते.

राजर्षी शाहू महाराजांनी हे धरण शेतीच्या पाण्यासाठी सुरू केले. ते त्यांच्या हयातीत अपुरे राहिले, स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. वीजगृहाची मूळ क्षमता 4.8 मेगावॉट, शेजारच्या कोयनेच्या 1,960 मेगावॉटपुढे छोटीच.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्यासोबत पाटबंधारे आणि वीज हे विषयही बाबासाहेबांकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. दामोदर खोरे योजनेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार झाला तो याच काळात.

हे आपल्यासाठी महत्त्वाचे का? कालव्याच्या पाण्याचा लाभ घ्यायला सातबारा लागतो. आपल्या समाजातल्या कितीतरी कुटुंबांकडे तो नाही. वीज मात्र भूमिहीनाच्या घरातही शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मुलांचा अभ्यास चालवू शकते. अट एकच: जोडणी मिळाली पाहिजे आणि बिल परवडले पाहिजे.

म्हणून तरुणांनी धरणाकडे फक्त पर्यटनस्थळ म्हणून पाहू नये. आयटीआय, अभियांत्रिकी शिकून वीजगृहात आणि उपकेंद्रात पोचावे. वस्तीतली एकेक अर्धवट जोडणी, एकेक चुकीचे बिल यांचा लेखी पाठपुरावा करावा. बाबासाहेबांचे वीजधोरण जयंतीच्या भाषणात सांगायचे, तर आधी आपल्या वस्तीतला मीटर वाचता आला पाहिजे.